जोसेफ हाऊ यांचें चरित्र : साधनांची चिकित्सा

बखरीवर भिस्त ठेवूं नये, अस्सल कागद पाहावा, हा नियम या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु अस्सल कागदहि एकाच बाजूचे जपले गेले म्हणजे त्यांचीहि बखर बनते, इकडे तितकें लक्ष जात नाहीं. कॅनडांतील नोव्हास्कोशिया प्रांताचे पुढारी जोसेफ हाऊ (१८०४–१८७३) यांच्या चरित्रांत या दोषाचें उदाहरण फार स्पष्ट सांपडतें. प्रथम मुद्रक व पत्रकार, मग प्रांतांत जबाबदार राज्यपद्धति आणणारे लोकनायक, प्रांताचे मुख्य मंत्री, पुढें कॅनडाच्या संघराज्याचे कट्टर विरोधक आणि अखेर त्याच संघराज्याच्या मंत्रिमंडळांतील मंत्री, असा त्यांचा जीवनक्रम आहे. यांतील शेवटची पायरी हेंच वादाचें मूळ होय.

एक पक्ष म्हणतो कीं, १८६९ च्या जानेवारींत हाऊ यांनीं पदाच्या लोभानें आपला प्रांत विकला. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हट्टानें आडवाटेस गेलेला हा थोर पुरुष अखेर शुद्धीवर आला व राष्ट्रनिर्मात्यांच्या पंगतीस येऊन बसला. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धजरतीय न्यायानें चालतात. जेवढा पुरावा मानवतो तेवढा घेतात व उरलेला टाकतात. ग्रंथाचें तात्पर्य ठरवितांना उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता पाहावी, असें मीमांसकांनीं सांगितलें आहे. तीच कसोटी चरित्रास लावून हाऊ यांच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ व शेवट एकमेकांस कितपत धरून आहेत, हें कागदांच्या तारखा समोर ठेवून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. साधनें

हाऊ यांच्या अभ्यासाचा मुख्य आधार म्हणजे त्यांच्या भाषणांचा व जाहीर पत्रांचा द्विखंडात्मक संग्रह. तो प्रथम १८५८ सालीं निघाला. त्यावर संपादक म्हणून विल्यम अ‍ॅनंड यांचें नांव आहे. अ‍ॅनंड हे हाऊ यांचे राजकारणांतील जुने सोबती व हॅलिफॅक्स येथील ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ पत्राचे मालक. नायक हयात व राजकारणांत वावरत असलेला, आणि संपादक त्याचाच सहकारी, अशा स्थितींत हा संग्रह सिद्ध झाला, हें वाचकानें पहिल्या पानापासून ध्यानांत ठेविलें पाहिजे. त्यांत बनावट मजकूर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांत निवड आहे. आणि कोणाचीहि स्वपक्षीयानें केलेली निवड ही एक प्रकारची वकिलीच असते.

शिवाय १८५८ नंतरचीं पंधरा वर्षें, म्हणजे संघराज्याचा सारा वाद, त्या आवृत्तींत येणें शक्यच नव्हतें. ती उणीव जोसेफ अँड्र्यू चिझम यांनीं १९०९ सालीं सुधारून वाढविलेल्या आवृत्तीनें बरीच भरून काढली. तरी तिचाहि विषय भाषणें व जाहीर पत्रें हाच. जाहीर भाषण हें श्रोत्यांसाठीं असतें. बोलणाराच्या मनांत त्या दिवशीं काय चाललें होतें हें खाजगी पत्रांवरून कळतें. हाऊ यांच्या खाजगी कागदपत्रांचा मोठा भाग ऑटावा येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहे, आणि त्याचा पुरा उपयोग होण्यास फार काळ लागला. जेम्स लाँगली यांचें १९०४ चें चरित्र वाचनीय आहे. पण लाँगली हे स्वतः त्याच प्रांताचे अ‍ॅटर्नी जनरल, आणि त्यांच्या लेखनावर सभागृहाचा वास येतो. पत्रव्यवहार, वृत्तपत्रें व सरकारी खलिते यांची एकत्र सांगड घालून लिहिलेलें जॉन मरे बेक यांचें दोन खंडांचें चरित्र १९८२ व १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे नायकाच्या निधनानंतर एक शतकाहून अधिक काळ लोक त्याच्याविषयीं जें बोलत होते, तें बहुतांशीं त्याच्याच भाषणांच्या व त्याच्या शत्रूंच्या आठवणींच्या आधारें बोलत होते.

२. मुद्रक व त्याचा खटला

हाऊ यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजीं हॅलिफॅक्स येथें झाला. वडील जॉन हाऊ हे अमेरिकन क्रांतीच्या वेळीं इंग्रज राजाशीं निष्ठ राहून बोस्टन सोडून आलेले मुद्रक. सरकारी छपाई व टपाल हीं दोन्ही कामें पुढें त्यांच्याकडे होतीं. जोसेफ यांस शाळेचें शिक्षण फारसें लाभलें नाहीं. तेराव्या वर्षीं ते छापखान्यांत खिळे जुळविण्यास बसले. राजनिष्ठा व छापखाना हा वारसा त्यांस एकाच घरांत मिळाला, आणि पुढील सर्व चरित्राची किल्ली त्यांत आहे.

१८२७ च्या अखेरीस त्यांनीं ‘नोव्हास्कोशियन’ हें पत्र विकत घेतलें. दोनच वर्षांनीं, पदरीं पैसा नसतां, त्यांनीं टॉमस चँडलर हॅलिबर्टन यांनीं लिहिलेला नोव्हास्कोशियाचा इतिहास दोन खंडांत छापून काढला. त्या व्यवहारांत ते बुडाले; पण आपल्या भूमीचा इतिहास छापील रूपांत असावा म्हणून तोटा सोसणारा हा मुद्रक, एवढ्या एका गोष्टीनेंहि आमच्या वाचकांच्या आदरास पात्र व्हावा.

१ जानेवारी १८३५ रोजीं त्यांच्या पत्रांत ‘जनता’ या सहीचें एक पत्र छापलें गेलें. हॅलिफॅक्सच्या न्यायाधिकाऱ्यांनीं व पोलिसांनीं तीस वर्षांत लोकांच्या खिशांतून तीस हजार पौंड तरी अन्यायानें काढले, असा त्यांत आरोप होता. हाऊ यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला झाला. त्या काळच्या कायद्यानें मजकूर खरा आहे हा बचाव फौजदारी खटल्यांत चालत नसे. म्हणून वकिलांनीं हात टेकले. हाऊ यांनीं कायद्याचीं पुस्तकें उसनीं आणून स्वतःच आपली बाजू मांडली. मार्चमध्यें कोर्टांत ते सुमारें सहा तास बोलले. हा लेख बदनामीकारक आहे असें आपलें मत मुख्य न्यायाधीशांनीं सांगितलें असतांहि ज्यूरीनें दहा मिनिटांत त्यांस निर्दोषी ठरविलें.

येथें दोन गोष्टी चिकित्सकानें वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली ही कीं, या भाषणाचा प्रसिद्ध पाठ आरोपीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलेला आहे. तो पाठ खोटा मानण्यास आधार नाहीं. परंतु कोर्टांत उमटलेला शब्द व छापखान्यांत सुधारलेला शब्द यांत अंतर असूं शकतें, हें जाणूनच तो वापरावा. दुसरी ही कीं, या खटल्यानें वृत्तपत्रांचें स्वातंत्र्य कायद्यानें प्रस्थापित झालें, असें जें सर्रास लिहिलें जातें तें बरोबर नाहीं. कायदा होता तसाच राहिला. बारा नागरिकांनीं त्या कायद्याखालीं शिक्षा देण्याचें नाकारलें, इतकेंच घडलें. पण तें लहान नव्हे. आपलें म्हणणें लोकांपुढें ठेवलें तर लोक न्याय करतात, हा हाऊ यांचा सिद्धांत त्या दिवशीं बनला आणि तो त्यांनीं जन्मभर बाळगला.

३. जबाबदार राज्यपद्धति व लॉर्ड फॉकलंड

१८३६ सालीं हाऊ हॅलिफॅक्स परगण्यातर्फे असेंब्लींत निवडून आले. राज्य खरोखर चालवीत असे तें बारा जणांचें कौन्सिल. कारभार व कायदे करणें हीं दोन्ही कामें त्याच्याकडे, बैठकी बंद दाराआड, आणि मुख्य न्यायाधीश त्यांतच बसलेले. १८३७ सालीं हाऊ यांनीं या पद्धतीविरुद्ध बारा ठराव आणले. लवकरच कौन्सिलाचे दोन विभाग झाले व मुख्य न्यायाधीश त्यांतून बाहेर पडले. परंतु कारभाऱ्यांनीं असेंब्लीचा विश्वास गमावला तर पद सोडावें, हें मुख्य तत्त्व राहिलेंच. त्यासाठीं १८३९ सालीं त्यांनीं वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांस चार जाहीर पत्रें लिहिलीं. इंग्लंडांतील एखाद्या नगराला जो हक्क आहे तो समुद्रापलीकडच्या इंग्रज प्रजेला कां नसावा, हा त्या पत्रांचा गाभा. आमच्या मतें हाऊ यांचें सर्वांत टिकाऊ लेखन हेंच होय. कारण त्यांत वक्तृत्वाचा फुलोरा कमी व युक्तिवादाचा बांधा अधिक आहे.

१८४० सालीं लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून लॉर्ड फॉकलंड आले. हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. १८४८ पासून १८५३ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते ते हेच. हॅलिफॅक्स येथें आरंभीं त्यांनीं सर्व पक्षांचें संमिश्र मंत्रिमंडळ बनविलें व हाऊ त्यांत बसले. डिसेंबर १८४३ मध्यें फॉकलंड यांनीं विरोधी पक्षाचे पुढारी जॉन्स्टन यांचे मेहुणे ऑल्मन यांस कौन्सिलांत घेतलें. तेव्हां हाऊ व त्यांचे दोन सहकारी राजीनामा देऊन बाहेर पडले. मग हाऊ पुन्हां संपादकाच्या खुर्चींत बसले आणि गव्हर्नरांची गद्यांत व पद्यांत अशी टवाळी चालविली कीं, १८४६ सालीं फॉकलंड यांस तेथून जावें लागलें. त्या टवाळींत मर्यादा सुटली होती, हें हाऊ यांच्या चाहत्यांनींहि मान्य करावें.

त्यानंतर दोन वर्षांच्या आंत फॉकलंड मुंबईस आले. सातारचें राज्य खालसा झालें तें त्यांच्याच कारकीर्दींत. तो निर्णय त्यांच्या वरिष्ठांचा होता हें खरें. तरी ज्या गव्हर्नरास हॅलिफॅक्स येथें निवडलेली असेंब्ली व एक छापखाना यांनीं मागें सारलें, त्याच्या राज्यांत सातारकरांच्या हातीं यांपैकीं एकहि साधन नव्हतें, हा भेद विसरतां येत नाहीं. हाऊ यांचा हक्कवाद इंग्रज प्रजेपुरता होता. साम्राज्यांतील इतर प्रजेविषयीं तो मुका आहे. फॉकलंड यांचे हॅलिफॅक्स येथील व मुंबई येथील कागद शेजारीं शेजारीं ठेवून कोणी वाचील, तर एकच अंमलदार दोन प्रजांशीं कसा वागतो हें पाहण्यास मिळेल. मुंबईच्या दप्तराचे अभ्यासक हें काम हातीं घेतील तर फार उपकार होतील.

फॉकलंड गेल्यावर १८४७ च्या निवडणुकींत सुधारक पक्ष विजयी झाला व २ फेब्रुवारी १८४८ रोजीं युनियाक यांच्या नेतृत्वाखालीं जबाबदार मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. ब्रिटिश साम्राज्याच्या समुद्रापलीकडील वसाहतींत अशा प्रकारचें हें पहिलें. दंगा न होतां, रक्त न सांडतां हें साधलें, याचा हाऊ यांस जन्मभर अभिमान वाटे. येथवर उपक्रम झाला.

४. मधलीं वर्षें

पुढील पंधरा वर्षें स्तुतिपर चरित्रकार घाईनें ओलांडतात. आम्हांस तीं महत्त्वाचीं वाटतात, कारण माणसाचे दोष तेथें उघडे पडतात. १८५०–५१ मध्यें हाऊ लंडनला जाऊन आगगाडीच्या कर्जास इंग्लंडच्या सरकारची हमी मागत होते. हमी मिळाल्यासारखी झाली व मग हातची गेली. साम्राज्याच्या मंत्र्यांचा शब्द किती धरावा याचा हा पहिला धडा; पण हाऊ तो शिकले नाहींत. १८५५ मध्यें क्रिमियाच्या युद्धासाठीं अमेरिकेंतून माणसें मिळविण्याच्या खटपटींत ते पडले व त्यांतून बोभाटा झाला. त्याच वर्षीं कंबरलंड परगण्यांत डॉक्टर चार्ल्स टपर या नवख्या उमेदवारानें त्यांस पाडलें. १८५६ मध्यें आगगाडीच्या कामावरील आयरिश मजुरांच्या दंग्यावरून त्यांनीं कॅथॉलिकांविरुद्ध अशी कडवट लेखणी चालविली कीं, कॅथॉलिक सभासद पक्ष सोडून गेले व १८५७ च्या फेब्रुवारींत उदारपक्षाचें सरकार कोसळलें. लोक आपल्या मागें आहेत असें वाटूं लागलें म्हणजे सहकाऱ्यांस न विचारतां उडी घालावयाची, हा त्यांचा स्वभाव या तिन्ही प्रकरणांत दिसतो. १८६९ समजण्यास हा स्वभाव ध्यानांत ठेवावा लागतो.

१८६० पासून १८६३ पर्यंत ते प्रांताचे मुख्य मंत्री होते. १८६३ च्या निवडणुकींत त्यांचा पक्ष पार पडला. त्यानंतर ते साम्राज्यसरकारचे मत्स्यव्यवसायाचे कमिशनर म्हणून काम पाहूं लागले.

५. संघराज्याचा वाद

१८६४ च्या सप्टेंबरांत शार्लटटाऊन येथें व ऑक्टोबरांत क्वेबेक येथें परिषदा भरल्या. क्वेबेक येथें ७२ ठरावांची संघयोजना तयार झाली. नोव्हास्कोशियाचे मुख्य मंत्री या वेळीं टपर होते. १८६५ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ मध्यें या योजनेवर बारा निनांवी पत्रें आलीं. तीं हाऊ यांचीं. साम्राज्याच्या नोकरींत असतांना साम्राज्यसरकारास प्रिय असलेल्या योजनेवर निनांवी प्रहार करणें प्रशस्त नव्हे, हा आक्षेप खरा आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, हाऊ पूर्वीं संघाचे पुरस्कर्ते होते व केवळ टपर यांच्या मत्सरानें उलटले. पूर्वार्ध खरा आहे. १८६१ सालीं संघाचा विचार व्हावा असा ठराव असेंब्लींत त्यांनींच आणला होता, व ऑगस्ट १८६४ मध्यें कॅनडाहून आलेल्या पाहुण्यांच्या मेजवानींतहि त्यांनीं संघाची भलावण केली. उत्तरार्धास मात्र आधार काय? टपरच्या हाताखालीं आपण दुय्यम वाद्य वाजविणार नाहीं, असें हाऊ एका मित्रापाशीं बोलल्याची आख्यायिका पुस्तकांतून फिरते. तिच्यासमोर दुसरा पुरावा असा कीं, टपर यांनीं हाऊ यांस शार्लटटाऊनच्या परिषदेचें निमंत्रण दिलें होतें, आणि हाऊ यांनीं ऑगस्ट १८६४ मध्यें कामामुळें येतां येत नाहीं असें सौजन्यानें लिहून परिषदेच्या कार्यास साहाय्य करण्याची तयारी दर्शविली. ऐकीव वाक्य व तारखेचें पत्र यांत कोणतें प्रमाण मानावें, हें आम्ही सांगण्याची गरज नाहीं. मत्सर नव्हताच असें आम्ही म्हणत नाहीं. मत्सर हेंच कारण, हें मात्र सिद्ध होत नाहीं.

मग कारण कोणतें? १८६५ च्या पत्रांत कर, जकात व कॅनडाच्या मोठ्या लोकसंख्येपुढें प्रांताची होणारी दुर्बलता असे अनेक मुद्दे आहेत. परंतु १८६६ च्या एप्रिलांत टपर यांनीं संघाच्या बाजूचा ठराव असेंब्लींत ३१ विरुद्ध १९ मतांनीं संमत करून घेतला, त्यानंतर सर्वांच्या डोक्यावर एकच मुद्दा येऊन बसतो. ही असेंब्ली १८६३ सालीं निवडलेली; संघाचा प्रश्न मतदारांपुढें कधींच गेला नव्हता. शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतांत १८६५ व १८६६ अशा दोन निवडणुका या प्रश्नावर झाल्या. नोव्हास्कोशियांत एकहि नाहीं. प्रजेच्या संमतीवांचून प्रजेची घटना बदलूं नये, हें म्हणणें आणि १८३९ चीं पत्रें यांत आम्हांस तिळमात्र विरोध दिसत नाहीं. जो संघ लोकांनीं मागितला असता त्यास हाऊ यांची ना नव्हती. लोकांवर लादलेल्या संघास होती.

६. लंडनच्या दोन खेपा

१८६६ च्या जुलैमध्यें हाऊ व अ‍ॅनंड प्रभृति लंडनला गेले. अर्ज, पुस्तिका, भेटी, सर्व झालें. तथापि १८६७ च्या मार्चमध्यें पार्लमेंटनें संघाचा कायदा संमत केला व १ जुलैपासून तो अंमलांत आला. सप्टेंबरांत निवडणुका झाल्या. नोव्हास्कोशियांतून संघाच्या पार्लमेंटसाठीं १९ पैकीं १८ जागा संघविरोधकांस मिळाल्या. एकटे टपर तेवढे टिकले. प्रांतिक असेंब्लींत ३८ पैकीं ३६ जागा संघविरोधकांस मिळाल्या. लोकमत याहून स्पष्ट असूं शकत नाहीं. अ‍ॅनंड प्रांताचे मुख्य मंत्री झाले. हाऊ हँट्स परगण्यातर्फे ऑटावास गेले.

हा कौल घेऊन १८६८ च्या आरंभीं हाऊ पुन्हां लंडनला गेले. वसाहतमंत्री ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनीं जूनमध्यें संघ मोडण्यास नकार दिला. नुसती चौकशी तरी करावी असा ठराव जॉन ब्राइट यांनीं पार्लमेंटांत आणला. तो १८३ विरुद्ध ८७ मतांनीं फेटाळला गेला. हाऊ यांच्या आयुष्यांतील खरा आघात हा होय. लोकांपुढें बाजू ठेवावी, लोक न्याय करतील. लोकांचा न्याय साम्राज्यापुढें ठेवावा, साम्राज्य तो मान्य करील. या दोन पायऱ्यांवर त्यांचें सारें राजकारण उभें होतें. पहिली पायरी पक्की निघाली. दुसरी पायाखालून निसटली.

या काळाविषयीं टपर यांची साक्ष दोन प्रकारची आहे. एक, १८६८ सालीं लंडनहून त्यांनीं मॅक्डोनल्ड यांस लिहिलेलीं पत्रें; दुसरी, वयाच्या नव्वदीनंतर, १९१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी. दोन्हींत साक्षीदार एकच व प्रतिपक्षाचा. तरी पहिलीचें मोल पुष्कळ अधिक, कारण ती लिहितांना पुढें काय घडणार हें लिहिणारास ठाऊक नव्हतें. आठवणींत विजयी पुरुष बोलतो. पत्रांत अजून झगडणारा माणूस बोलतो.

७. १८६९ चा करार

लंडनचें दार बंद झाल्यावर तीनच वाटा उरल्या : बंड करणें, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामील होणें, किंवा संघांत राहून अधिक चांगल्या अटी मिळविणें. पहिल्या दोन्ही वाटा हाऊ यांच्या राजनिष्ठेस वर्ज्य होत्या. ती निष्ठा त्यांस बोस्टन सोडून आलेल्या बापाकडून मिळाली होती. दुसरी वाट केवळ कल्पनेंतली नव्हती, हें १८६९ च्या जूनमध्यें संघविरोधी संघानें अमेरिकेंत सामील होण्याचा उघड पुकारा केला, यावरून दिसतें. उरली तिसरी.

१८६८ च्या ऑगस्टमध्यें मॅक्डोनल्ड हॅलिफॅक्सला आले. त्यानंतर दोघांत पत्रव्यवहार चालला. अ‍ॅनंड यांचें प्रांतिक सरकार वाटाघाटीपासून दूर राहिलें. जानेवारी १८६९ मध्यें हाऊ व मॅक्लेलन हे पोर्टलंड येथें अर्थमंत्री जॉन रोझ यांस भेटले. नोव्हास्कोशियाच्या कर्जाची मान्य मर्यादा ८०,००,००० डॉलरांवरून ९१,८६,७५६ डॉलर झाली, व दहा वर्षें दरसाल ८२,६९८ डॉलर अधिक देण्याचें ठरलें. त्या महिन्याच्या अखेरीस हाऊ यांनीं संघाच्या मंत्रिमंडळांत पद स्वीकारलें.

प्रांत विकला असें म्हणणारांनीं हे आंकडे पाहावेत. विकणारा पैसा स्वतः घेतो. हा पैसा प्रांताच्या तिजोरींत गेला. परंतु राष्ट्रनिर्मात्याचें मनःपरिवर्तन झालें असें म्हणणारांसहि कागद साथ देत नाहींत. संघ न्याय्य रीतीनें झाला असें हाऊ यांस वाटूं लागल्याचें आम्हांस दिसत नाहीं. हरलेल्या पक्षाच्या वकिलानें अशिलासाठीं जेवढी भरपाई मिळेल तेवढी पदरांत पाडून घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

८. निर्णय

तर मग हाऊ निर्दोष ठरतात काय? आमच्या मतें नाहीं. पण त्यांचा दोष निराळा आहे. अटी घेणें हा दोष नव्हे. प्रजेला विचारल्यावांचून घटना बदलली हा टपर यांचा अपराध असें ते तीन वर्षें गर्जून सांगत होते. आणि त्यांनीं स्वतः ज्या लोकांनीं १८ जागा दिल्या त्यांस व त्यांच्या निवडलेल्या प्रांतिक सरकारास मागें ठेवून करार केला, आणि करारापाठोपाठ पद घेतलें. क्रम उलट असता, म्हणजे अटी आधीं लोकांपुढें ठेवून मग पद घेतलें असतें, तर त्यांच्या शत्रूंच्या तोंडास कुलूप पडलें असतें. १८५५ व १८५६ मध्यें दिसलेला सहकाऱ्यांस न विचारतां उडी घालण्याचा स्वभाव येथें शेवटचा व सर्वांत महाग पडला.

यावर असें उत्तर देतात कीं, हाऊ हँट्स परगण्यांत पुन्हां निवडणुकीस उभे राहिले व लोकांनीं त्यांस निवडलें. तें खरें आहे. त्या हिवाळ्याच्या प्रचारांत त्यांची प्रकृति जी ढासळली ती पुन्हां सुधारली नाहीं. त्या वृद्धाचें धैर्य वंद्यच आहे. परंतु मंत्रिपद घेणारास पुन्हां निवडून यावें लागे हा त्या वेळचा कायदाच होता, आणि एक परगणा म्हणजे प्रांत नव्हे. प्रांताचा कौल पाहावयाचा तर १८७१ ची प्रांतिक निवडणूक पाहावी. तींत अ‍ॅनंड यांचेंच सरकार पुन्हां आलें, पण बहुमत पूर्वींचें उरलें नाहीं. म्हणजे लोकांनीं हाऊ यांस पूर्ण क्षमाहि केली नाहीं व त्यांच्या विरोधकांस पूर्ण साथहि दिली नाहीं.

आणखी एक तुलना उपयोगी आहे. १८८६ सालीं त्याच प्रांताचे मुख्य मंत्री फील्डिंग यांनीं संघांतून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर निवडणूक जिंकली. पुढें १८९६ सालीं तेच फील्डिंग संघाचे अर्थमंत्री झाले. हाऊ यांच्या नांवामागें जसा द्रोहाचा डाग चिकटला तसा फील्डिंग यांच्या मागें चिकटला नाहीं. याचें कारण, आमच्या समजुतीप्रमाणें, हाऊ यांचें वक्तृत्व. ज्यानें कधीं फार मोठे शब्द उच्चारले नाहींत त्याच्या तडजोडीस व्यवहार म्हणतात. ज्याचे शब्द लोकांनीं पाठ केले त्याच्या तडजोडीस विश्वासघात म्हणतात. १८५८ च्या संग्रहानें हाऊ यांची जी मूर्ति घडविली तीच १८६९ मध्यें त्यांच्या अंगावर कोसळली. त्या संग्रहावर ज्यांचें नांव आहे तेच अ‍ॅनंड आतां त्यांचे विरोधक होते.

१८७३ च्या मे महिन्यांत हाऊ नोव्हास्कोशियाचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. ज्या वाड्यांतील गव्हर्नरांशीं ते तरुणपणीं झगडले त्याच वाड्यांत तीन आठवड्यांनीं, १ जून १८७३ रोजीं, त्यांचें देहावसान झालें. उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता विचारली तर आम्ही असें म्हणूं : लोकसंमतीचें तत्त्व त्यांनीं सोडलें नाहीं, तें पाळण्याची शिस्त शेवटच्या प्रसंगीं सोडली. तत्त्वभ्रष्टता व शिस्तभंग यांत अंतर आहे, आणि न्यायाधीशाप्रमाणें इतिहासकारानेंहि कलम नीट लावलें पाहिजे.

अखेरीस संग्राहकांच्या दृष्टीची एक गोष्ट. १८५७ च्या एप्रिलांत, आपला पक्ष नुकताच अधिकारावरून गेला असतां, हाऊ यांनीं असेंब्लींत प्रांताचे जुने कागद तपासून, लावून, जतन करावेत असा ठराव आणला. त्यास अनुमोदन दिलें तें त्यांचे कट्टे प्रतिस्पर्धी जॉन्स्टन यांनीं. त्यावरून टॉमस बीमिश एकिन्स यांची दप्तराचे कमिशनर म्हणून नेमणूक झाली, व १८६९ सालीं त्यांनीं निवडक कागदांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ठरावाचा कर्ता लोकांच्या शिव्या खात होता. प्रांताच्या दप्तरखान्याची स्वतंत्र इमारत १९३१ मध्यें झाली. आपली बाजू तोलण्यास लागणारा तराजू शत्रूच्या साह्यानें उभा करून गेलेला पुढारी विरळा. आपल्याकडील घराण्यांतून व संस्थांतून जुन्या पुढाऱ्यांचीं गौरवपर भाषणें काचेच्या कपाटांत असतात, आणि त्यांच्या विरोधकांचीं पत्रें व हिशेबाच्या वह्या माळ्यावर कसरीच्या स्वाधीन असतात. ज्यांच्या हातीं असे रुमाल असतील त्यांनीं दोन्ही एकत्र बांधावेत. एकट्या भाषणांवर कोणाचाहि न्याय होत नाहीं, हें हाऊ यांच्या चरित्रावरून पुरतें सिद्ध झालें आहे.